पाचवीचा बालभारती संच घरशाळेसाठी: मजकूर चोख, क्रम मात्र आपण लावायचा

मराठी माध्यमाचा पाचवीचा संच म्हणजे मराठी बालभारती, इंग्लिश बालभारती, हिंदी सुलभभारती, गणित आणि परिसर अभ्यासाचे दोन भाग. २०२५-२६ चं वर्ष संपताना, हा संच घरी शिकणाऱ्या मुलांना कितपत पुरतो आणि सहावीची आखणी करताना त्यावरून काय ठरवावं, याचा हा लेखाजोखा. निकाल आधीच सांगून टाकू. मजकूर चांगला, किंमत कमी, नकाशे-चित्रं भरवशाची. पण पाठांचा क्रम चाळीस मुलांच्या वर्गासाठी आणि अख्ख्या महाराष्ट्रासाठी लावलेला आहे. नाशिकमध्ये घरी बसून तो जसाच्या तसा पाळला, तर सगळ्यात सुंदर पाठ नेमके चुकीच्या महिन्यात येतात.

छापील घ्यायचा की फुकटचा

ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ फुकट आहेत, म्हणून बरेच पालक छापील संच घेत नाहीत. ही बचत खोटी आहे. पुस्तकांचा आकार ए-४ च्या जवळपास, पानं रंगीत. बाहेरून रंगीत प्रिंट काढणं आतबट्ट्याचा व्यवहार, आणि काळ्या-पांढऱ्या प्रिंटमध्ये नकाशे आणि रंगवलेले अपूर्णांक ओळखू येत नाहीत. मोबाइलवर तर प्रश्न एकीकडे आणि आकृती दुसरीकडे जाते. छापील संच मुलाला द्यावा आणि पीडीएफ पालकाकडे ठेवावी. पीडीएफमधून प्रती काढायच्या त्या फक्त ज्या पानांवर कात्री किंवा रंग चालवायचा आहे त्यांच्या.

बालभारतीचं विभागीय भांडार नाशिकमध्ये लेखानगरला आहे. एम.जी. रोड आणि मेन रोड परिसरातल्या शालेय पुस्तकांच्या दुकानांतही संच मिळतो. शाळांची गर्दी जूनमध्ये उसळते, म्हणून सुटा विषय हवा असेल तर मे महिन्यातच बघावं.

जुना संच घेणाऱ्यांनी एक गोष्ट तपासावी. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन वर्षांत दुसरी ते आठवीची पुस्तकं वह्यांची पानं घालून, चार भागांत निघाली होती. २०२५-२६ पासून तो प्रयोग थांबला. चार भागांचा संच हलका असतो, पण त्यात पाठ पुढे-मागे करायचे म्हणजे चारही भाग टेबलावर पसरून बसावं लागतं. घरशाळेला विषयवार पुस्तकंच सोयीची.

प्रत्येक पुस्तकात अध्ययन निष्पत्तींचं, म्हणजे वर्षअखेर मुलाला काय काय यायला हवं त्या यादीचं, एक पान असतं. पालक ते हमखास उलटून पुढे जातात, आणि आमच्या मते सगळ्या पुस्तकात कामाचं पान तेच. त्याची प्रत काढून भिंतीवर लावावी आणि मुलाला एखादी गोष्ट विनामदत जमली की तिथे तारीख टाकावी. "पाठ झाला" अशी खूण कधीच करू नये, कारण पाठ वाचून होतो आणि गोष्ट मात्र आलेली नसते.

वेळेचं गणित

शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तासांचं अध्यापन धरलेलं आहे, म्हणजे दिवसाला चार तास. घरी इतकं बसवायची गरज नसते. वर्गातला हजेरीचा, वह्या तपासण्याचा, गप्प बसवण्याचा वेळ इथे जात नाही. दिवसाला अडीच तासांचं नेटकं काम धरलं तर २०० दिवसांत ५०० तास होतात आणि पाचवीचा संच त्यात आरामात बसतो. त्यातला तासभर रोज गणिताला. बाकी विषय आठवड्यात वाटून घ्यावेत. रोज सहाही विषय थोडे थोडे करण्याचा हट्ट धरला की एकही प्रयोग पुरा होत नाही.

गणित: समज उत्तम, सराव अपुरा

पुस्तकात सोळा प्रकरणं आहेत, रोमन संख्याचिन्हांपासून बीजगणिताच्या पूर्वतयारीपर्यंत. समजावण्याची पद्धत चांगली. उदाहरणसंग्रह मात्र लहान, आणि घरी एकट्या मुलाचा तो दोन दिवसांत उडतो. पूरक म्हणून पाचवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेच्या जुन्या प्रश्नपत्रिका वापराव्यात. पहिल्या पेपरात गणिताचे ५० प्रश्न असतात. ते प्रकरणवार कापून वापरता येतात. पर्याय मात्र झाकून. पर्याय दिसले की मूल उत्तर शोधायचं सोडून उत्तराचा अंदाज बांधायला लागतं.

तीन जागी गाडी हमखास अडते. पहिली, भागाकारातलं शून्य. ६१२ भागिले ६ याचं उत्तर १२ येतं, कारण १ ला ६ ने भाग जात नाही तेव्हा भागाकारात शून्य लिहायचं राहून जातं. उपाय साधा: भागाकार मांडण्यापूर्वी उत्तर किती अंकी येईल ते लिहून घ्यायचं. सहाशेला सहाने भागल्यावर शंभर, म्हणजे उत्तर तीन अंकी. मग १२ दिसताच मूल स्वतःच थांबतं.

दुसरी, भिन्नछेद अपूर्णांकांची बेरीज. १/२ + १/३ = २/५ हे उत्तर जवळपास प्रत्येक मुलाकडून एकदा तरी येतंच. ए-४ कागदाच्या लांब बाजूने २४ सेंमी लांब, २ सेंमी रुंद पट्ट्या कापाव्यात. एका कागदातून दहा निघतात. २४ च घ्यायचं, कारण त्याला २, ३, ४, ६, ८ आणि १२ ने भाग जातो. २० किंवा ३० घेतलं की कुठेतरी अर्ध्या-पाव मिलिमीटरची भानगड सुरू होते. निम्मी पट्टी १२ सेंमी, तिसरा भाग ८ सेंमी, दोन्ही जोडून २० सेंमी, म्हणजे २४ पैकी २०, म्हणजे ५/६. आणि २/५ म्हणजे ९.६ सेंमी. बेरीज केली आणि उत्तर पहिल्या तुकड्यापेक्षाही लहान आलं, हे डोळ्यांनी दिसलं की नियम घोकून घ्यावा लागत नाही.

तिसरी, दशांश. मुलाच्या हिशोबाने ०.२५ हे ०.५ पेक्षा मोठं, कारण पंचवीस पाचापेक्षा मोठे. इथे रुपये-पैशांचं उदाहरण उलट गोंधळ वाढवतं, कारण पैसे आपण नेहमी दोन स्थळांपर्यंत लिहितो आणि आजच्या मुलांनी पैशाचं नाणं पाहिलेलंही नसतं. त्यापेक्षा मीटरपट्टी घ्यावी. ०.५ मीटर कुठे, ०.२५ मीटर कुठे, बोट ठेवून दाखवायचं.

आणखी एक गोष्ट संख्यावाचनाची. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात "वीस एक" ही पद्धत "एकवीस" च्या जोडीला आली. ज्या मुलांनी सुरुवात तशी केली त्यांना लाखांपर्यंतची संख्या लिहिता येते, पण कुणी "एकोणसत्तर" म्हटलं की हात ७९ कडे जातो. आठवड्यातून एकदा वीस संख्यांचं श्रुतलेखन घ्यावं, त्यात एकोणतीस ते एकोणनव्वद सगळे एकोण घालावेत. जी मुलं इंग्रजी व्हिडिओ बघून शिकतात त्यांचे स्वल्पविराम मिलियनच्या हिशोबाने पडतात. तेही इथेच पकडता येतं.

घडण्यांचं (घडी घातली की घनासारखी वस्तू तयार होते अशा सपाट आकारांचं) प्रकरण पुस्तकातल्या छोट्या चित्रांवर भागवू नये. चौकटीच्या कागदावर ५ सेंमी बाजूच्या घनाची घडण काढली तर अधिकच्या चिन्हासारख्या आकाराला २० × १५ सेंमी जागा लागते, ए-४ वर नीट बसते. घनाच्या एकूण ११ वेगवेगळ्या घडण्या आहेत. त्या शोधायला लावल्या तर एक पावसाळी दुपार सहज जाते, आणि त्या वेळी आईबाबांनाही ११ सापडत नाहीत.

परिसर अभ्यास भाग १: इथेच क्रम मोडायचा

पंचवीस पाठांचं हे पुस्तक संचातलं सर्वांत श्रीमंत पुस्तक आहे. "करून पहा" आणि "सांगा पाहू" या चौकटी घरशाळेसाठीच लिहिल्यात असं वाटावं. पण पहिला पाठ सूर्यमालेचा आणि दुसरा पृथ्वीच्या फिरण्याचा. हे जूनमध्ये येतात, आणि जूनमध्ये नाशिकच्या आकाशात ढगांखेरीज काही नसतं. हे दोन्ही पाठ नोव्हेंबरपर्यंत राखून ठेवावेत. गच्चीवर एक मीटरची काठी ओळंब्याने सरळ उभी करायची आणि सावलीच्या टोकाशी दर पाच मिनिटांनी खूण करायची. नाशिकला सूर्य डोक्यावर येतो तो घड्याळाच्या बाराला नाही. महिन्यानुसार साधारण सव्वाबारा ते पावणेएकच्या दरम्यान सावली सर्वांत लहान होते, कारण आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर लावलेलं आणि नाशिक जवळपास ७३.८ अंशांवर. २२ डिसेंबरच्या सुमारास ही सर्वांत लहान सावली साधारण ९५ सेंमी भरते, २१ मार्चच्या आसपास ३६ सेंमी. आणि २०-२१ मेच्या सुमारास ती काठीच्या बुडाशी नाहीशी होते, कारण नाशिक २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. वर्षाची समाप्ती करायला याहून चांगला प्रयोग नाही. शून्य सावलीचा दुसरा दिवस जुलैच्या शेवटच्या आठवड्याजवळ येतो, पण तो ढगांच्या मागे जातो. मोजमाप चुकतं ते काठी तिरकी असल्यामुळे किंवा गच्चीला दिलेल्या पाण्याच्या उतारामुळे. खाली सपाट फळी ठेवावी.

त्याउलट "पाणी" हा सोळावा पाठ जुलै-ऑगस्टमध्ये वर ओढावा. पर्जन्यमापक करताना सरळ बाजूची काचेची बरणी घ्यावी आणि नरसाळ्याचं तोंड बरणीच्या तोंडाएवढंच असावं. शीतपेयाची बाटली कापून केलेला मापक चुकतो, कारण तळाशी तिला खोलगट खाचा असतात. निदान तिथपर्यंत आधी पाणी भरून तिथे शून्य धरावं. हवामान खातं सकाळी साडेआठला नोंद घेतं, आपणही तीच वेळ पाळली तर वर्तमानपत्रातल्या आकड्यांशी तुलना होते आणि त्र्यंबक-इगतपुरीचा पाऊस शहरापेक्षा किती जास्त हेही कळतं. गंगापूर धरणातून विसर्ग सुटला की गोदावरीची पातळी नाशिककर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजतात. पाणी मूर्तीच्या कुठल्या भागापर्यंत आलं, ते होळकर पुलावरून बघायचं आणि धरणातून किती क्युसेक (सेकंदाला घनफूट) सोडले ते शेजारी लिहायचं. आलेखासाठी यापेक्षा चांगली सामग्री विकत मिळत नाही. घाटावर मात्र उतरू नये.

"अन्न टिकवण्याच्या पद्धती" हा तेरावा पाठ क्रमाने गेलं तर दिवाळीच्या आसपास पडतो. तो फेब्रुवारी-मार्चमध्ये घ्यावा, द्राक्षं स्वस्त असताना. पाव-पाव किलोचे दोन वाटे करायचे. एक वाटा तसाच ठेवायचा, दुसरा उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवून काढायचा. दोन्ही वेगवेगळ्या जाळीवर, एकावर एक न येता, सावलीत हवेशीर ठेवायचे आणि एक दिवसाआड वजन करायचं. उकळवलेला वाटा बराच आधी सुकतो, कारण द्राक्षावरचा मेणचट थर पाणी आत अडवून धरतो आणि गरम पाण्याने तो तुटतो. बेदाणा करणारे हेच काम पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणाने करतात. चार किलो द्राक्षांचा साधारण किलोभर बेदाणा होतो, म्हणजे पाव किलोचे साठएक ग्रॅम उरायला हवेत. वजन ऐंशीच्या वर असताना डब्यात भरलं तर बुरशी येते. याच पाठाला कांद्याची जोड द्यावी: उन्हाळ कांदा साठवणुकीच्या चाळीत महिनोन्महिने टिकतो आणि खरिपाचा लाल कांदा का नाही, हा प्रश्न लासलगावच्या जिल्ह्यात मुलांनी विचारायलाच हवा.

"नियम सर्वांसाठी", "आपणच सोडवू आपले प्रश्न" असे नागरिकशास्त्राचे पाठ एकट्या मुलासोबत करणं व्यर्थ. गटात चर्चा करा, म्हणजे कुणाशी? चार-पाच कुटुंबांनी महिन्यातून एक शनिवार ठरवावा आणि हे पाठ तेवढ्यासाठी साठवावेत. अनंत कान्हेरे मैदानाचा एक कोपरा पुरतो. नियम नसलेला खेळ दहा मिनिटं खेळू दिला की पुढची चर्चा आपोआप होते.

भाग २ मध्ये इतिहासाची ओळख, उत्क्रांती, अश्मयुग आणि गाव-वसाहती आहेत. वाचायला छान, हाताला काम कमी. गोदाकाठच्या जुन्या गढीवर १९५०-५१ मध्ये उत्खनन झालं होतं आणि ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीच्या खुणा तिथे मिळाल्या, हे पुस्तकाच्या जोडीला सांगता येतं. जागा बघायची ती दुरून. मातीचा कडा ढासळता आहे.

भाषा थोडक्यात

मराठीचं पुस्तक सरस आहे, पण वाचनाची भूक भागवायला एकच पुस्तक कसं पुरेल? १८४० मध्ये स्थापन झालेलं सार्वजनिक वाचनालय शहरात आहे, आणि बालभारतीचंच "किशोर" मासिक १९७१ पासून निघतंय. दोन्ही धरले की मराठीचा प्रश्न मिटला. इंग्रजी पुस्तकाची उणीव ऐकण्याची. पुस्तकातले क्यूआर कोड दीक्षा ॲपवर उघडतात खरे, पण आधी पालकाने ऐकून निवड करावी; सगळंच दाखवण्यासारखं नाही. हिंदीला आठवड्यातून दोन अर्धे तास भरपूर.

वर्षाचा आढावा कसा घ्यावा

जून, नोव्हेंबर आणि एप्रिल असे तीन वेळा एकाच विषयावरचे पंधरा ओळींचे लेखन घ्यावे, दुरुस्ती न करता तारखेसह ठेवावे. गणितात चुकांचा ताळेबंद: शेवटच्या शंभर उदाहरणांपैकी किती चुकली ते मोजण्यापेक्षा चूक कुठल्या जातीची (हातचा, शून्य, छेद, वाचन) ते लिहावं. ज्या जातीच्या चुका एप्रिलमध्येही दिसतात, त्यांच्यापासून जून सुरू होतो. प्रत्येक विषयाची वीस पानं एका फाइलमध्ये ठेवली तर पुढे शाळेत जायचं ठरलं तरी दाखवायला काहीतरी हातात असतं.

तसं ठरायची शक्यता असेल तर आणखी एक काम. राज्याच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे पाचवीपर्यंत वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. सहावी ते आठवीत बसायचं तर पाचवीची वार्षिक परीक्षा उत्तीर्ण असावी लागते. ती विषयाला ५० गुणांची, उत्तीर्ण व्हायला ३५ टक्के. घरी त्याच धर्तीचा पेपर वेळ लावून सोडवून बघावा. मूल नापास होईल ही भीती सहसा नसते. वेळेत लिहिण्याची सवय नसते, ती अडचण.

सहावीसाठी

सर्वांत मोठा बदल: परिसर अभ्यास संपतो आणि सामान्य विज्ञान, भूगोल, इतिहास व नागरिकशास्त्र असे वेगळे विषय होतात. कायद्यातलं प्रमाणही २२० दिवस, १००० तासांवर जातं. घरी अडीचाचे तीन तास करावेत, जास्त नको. वाढलेला अर्धा तास विज्ञानाच्या प्रयोगांना द्यावा. दोन पट्टीचुंबक, १०० मिलिलिटरचं मोजपात्र, भिंग, तानकाटा (स्प्रिंगचा वजनकाटा) आणि पाऱ्याऐवजी अल्कोहोलचा तापमापी एवढं पुरतं. तयार "सायन्स किट" मधले निम्मे तुकडे डब्यातच राहतात.

सहावीचा जुना संच मात्र आत्ता विकत घेऊ नये. नव्या अभ्यासक्रमाची पुस्तकं टप्प्याटप्प्याने येत आहेत: पहिलीची २०२५-२६ मध्ये आली, आणि जाहीर वेळापत्रकात २०२६-२७ ला दुसरी, तिसरी, चौथीबरोबर सहावी आहे. नवी छापील पुस्तकं बघूनच आखणी पक्की करावी. जुन्या सहावीच्या इतिहासाची पीडीएफ तेवढी उतरवून ठेवावी, कारण प्राचीन भारतावरचं ते पुस्तक नाशिकमध्ये शिकायला फार सोयीचं आहे. पांडवलेण्यांत तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे, ज्यात तिचा मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याचे पराक्रम सांगितले आहेत. दहावं लेणं त्याचा शत्रू, क्षत्रप राजा नहपान याच्या काळातलं. सातकर्णी आणि नहपान यांच्या लढाईचा पुरावा सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभीला १९०६ मध्ये सापडला: नहपानाची १३,००० हून अधिक चांदीची नाणी, त्यातल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. अंजनेरीच्या नाणेशास्त्र संस्थेच्या संग्रहालयात नाणी बघून मग लेण्यात जावं, उलट क्रमाने गेलं तर लेख म्हणजे नुसती ओरखडलेली भिंत वाटते.

तारखा धरताना सिंहस्थ कुंभमेळा लक्षात ठेवावा. ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आहे, त्र्यंबक रस्त्यावरची कामं आणि गर्दी तोवर वाढत जाणार. अंजनेरी, त्र्यंबक आणि रामकुंड परिसरातल्या फेऱ्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उरकाव्यात. पांडवलेणी मुंबई-आग्रा महामार्गावर आहेत, ती डिसेंबरात थंडीच्या सकाळी करता येतील.

दहावीची चिंता इतक्यात नको, पण रस्ता माहीत असावा. एनआयओएसची (राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची) दहावी वयाची १४ वर्षं पूर्ण झाल्यावर देता येते, मराठी माध्यम उपलब्ध आहे, किमान पाच विषय लागतात आणि उत्तीर्ण व्हायला विषयात ३३ टक्के. राज्य मंडळाचा, बाहेरून परीक्षेला बसणाऱ्यांसाठीचा १७ नंबर फॉर्म भरायचा तर शाळा सोडल्याचा दाखला लागतो, म्हणून मूल कधीही शाळेत गेलं असेल तर तो दाखला आताच काढून फाइलला लावावा. शाळेत वर्षांनंतर जुनी नोंदवही शोधायला लावण्यापेक्षा ते सोपं.